पाठवले खरे, पण पोहोचले का?

व्यावसायिक कॅमेऱ्यातले चित्रीकरण आता तारेवरून, वायफायवरून किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून थेट कार्यालयात जाते. ही सोय मोठी आहे. मात्र कार्ड पुसण्याची घाई केली तर नुकसानही तेवढेच मोठे होते.

लग्नात अक्षता एकदाच पडतात. पुराचे पाणी पुलावर चढते तो क्षण पुन्हा येत नाही. अशा प्रसंगी कॅमेरा चालवणाऱ्याच्या हाती दुसरी संधी नसते. म्हणूनच टिपलेले दृश्य सुखरूप पोहोचवणे हे ते टिपण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

पूर्वी हे काम कॅसेट करीत असे. १९९२ साली झी टीव्ही सुरू झाला, तेव्हा भारतात तयार झालेले कार्यक्रम कॅसेटींवरून हाँगकाँगला जात आणि तेथून उपग्रहामार्फत इथल्या घराघरांत दिसत. कॅसेट वाटेत हरवली की सारेच गेले. पण एक बरे होते. ती एक तर पोहोचलेली असे, नाही तर नसे. अर्धी पोहोचलेली कॅसेट कोणी पाहिली नव्हती.

२००३-०४ च्या सुमारास व्यावसायिक कॅमेऱ्यांत फितीऐवजी तबकडी आणि मेमरी कार्ड आले. चित्रीकरण म्हणजे आता एक फाइल झाली. फाइल पाठवताना मूळ वस्तू जागची हलत नाही, तिची फक्त नक्कल जाते. त्यामुळे मूळ फाइल कार्डात असेपर्यंत भीती नसते. मात्र ही नक्कल अर्धवट किंवा सदोषही पोहोचू शकते, आणि सगळा घोळ तेथेच होतो.

पन्नास वर्षांपूर्वीची रीत

बहुतेक व्यावसायिक कॅमेरे फाइल पाठवण्यासाठी एफटीपी नावाची रीत वापरतात. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. अलाहाबादला जन्मलेले भूषण कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेथून ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेले आणि तेथे असतानाच त्यांनी हे नियम मांडले. पुढे त्यांत बरेच बदल झाले. १९८५ साली ठरलेली आवृत्ती आजही पायाभूत मानली जाते.

या रीतीत दोन वाटा असतात. एका वाटेने कॅमेरा आणि कार्यालयातला संगणक, म्हणजे सर्व्हर, एकमेकांशी बोलतात. दुसऱ्या वाटेने प्रत्यक्ष माल जातो. कॅमेऱ्यात सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड आणि फोल्डर आधी भरून ठेवावे लागतात. फाइल संपली की सर्व्हर २२६ हा आकडा कळवतो: काम पार पडले. जोडणी मध्येच तुटली तर ४२६ येतो. पूर्वी रजिस्टर पत्राची पोचपावती यायची, तसाच हा प्रकार.

वेळेचे गणित

समजा, कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट या दर्जाने चित्रीकरण करीत आहे. मग एका मिनिटाची फाइल ३७५ मेगाबाइट आणि एका तासाची साडेबावीस गिगाबाइट भरते. मोबाइलच्या जाळ्यावर वर पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट मिळाला, तर या एका तासाच्या चित्रीकरणाला पाच तास लागतील. तोवर संध्याकाळच्या बातम्या संपलेल्या असतील.

म्हणून कॅमेरा मूळ फाइलबरोबरच तिची हलकी प्रत तयार करतो. तिला प्रॉक्सी म्हणतात. ती सेकंदाला ३ मेगाबिटची असेल, तर त्याच जाळ्यावर तासाभराचे चित्रीकरण १८ मिनिटांत जाते. कार्यालयातला संकलक ती पाहून हवी ती दृश्ये निवडतो. मग मूळ दर्जाची तेवढीच दोन मिनिटे मागवली, तर काम दहा मिनिटांत आटोपते. सगळे एकदम पाठवण्याचा हट्ट धरणाऱ्यापेक्षा निवडून पाठवणाऱ्याची बातमी आधी लागते, ती याचमुळे.

फसगत कोठे होते?

पहिली फसगत अर्धवट फाइलची. एफटीपीच्या नेहमीच्या पद्धतीत मालाची वाट बंद झाली, म्हणजे फाइल संपली असे समजले जाते. वाट मध्येच बंद पडली, तर घेणाऱ्या बाजूला फाइल पुरी झाल्याचा भास होऊ शकतो. फोल्डरमध्ये नाव दिसते, पण फाइल उघडत नाही. कारण काही प्रकारच्या फाइलींत कोणते दृश्य कोठे आहे याची सूची अगदी शेवटी लिहिलेली असते. शेपूट तुटले की डोकेही निरुपयोगी होते. म्हणून जाणकार ठिकाणी फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवून घेतात आणि पुरी झाल्यावरच तिला खरे नाव देतात.

दुसरी फसगत सारख्या नावांची, आणि ती अधिक घातक. कॅमेरे फाइलींना क्रमाने नावे देतात. दोन कॅमेऱ्यांत क्रम एकपासून सुरू असेल आणि दोघांनी एकाच फोल्डरमध्ये पाठवले, तर नंतर आलेली फाइल त्याच नावाच्या आधीच्या फाइलची जागा घेऊ शकते. एफटीपीच्या मूळ नियमांतच तसे लिहिले आहे. दोन्ही कॅमेरामनना २२६ ची पोच मिळते, दोघेही निश्चिंत होतात, आणि सर्व्हरवर एकाचेच काम उरते. त्यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळे फोल्डर द्यावे किंवा नावाच्या आरंभी वेगळी खूण ठेवावी.

तिसरी गोष्ट पासवर्डची. साध्या एफटीपीत तो उघडाच प्रवास करतो. हॉटेलच्या किंवा मैदानावरच्या सार्वजनिक वायफायवर हा धोका पत्करू नये. कॅमेऱ्यात एफटीपीएस किंवा एसएफटीपी ही सुरक्षित सोय असेल तर तीच निवडावी.

कार्ड कधी पुसावे?

पोच आली, हे पुरेसे नाही. पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या फाइलचा आकार ताडून पाहावा. आकार जुळला तरी आतला मजकूर बिघडलेला असू शकतो, म्हणून चेकसम काढतात. संगणक संपूर्ण फाइल वाचून तिची एक छोटी खूण तयार करतो. फाइलमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी ती बदलते. कार्डातल्या फाइलची आणि सर्व्हरवरच्या फाइलची खूण जुळली, तर नक्कल मुळाबरहुकूम आहे असे खुशाल समजावे. मग ती एकदा चालवून, आवाजासह शेवटपर्यंत पाहावी आणि दुसऱ्या ठिकाणी आणखी एक प्रत ठेवावी. एवढे झाल्यावरच कार्ड पुसावे.

प्रॉक्सी पोहोचली म्हणून मूळ पुसणे हा तर घातच. हलकी प्रत पाहण्यापुरती असते. तिच्यातून मूळ दर्जा परत मिळत नाही.

घरच्या कार्यासाठी कॅमेरामन ठरवताना भाव आणि अल्बम यांवर पुष्कळ बोलणे होते. त्यातच आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: चित्रीकरणाच्या किती प्रती, कोठे ठेवणार? आणि कार्ड पुसण्याआधी त्या तपासणार कोण? ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतील, त्याला आपल्या कामाची किंमत कळलेली आहे.