राहिलेलें एक वाक्य

या महिन्यांत आम्हांस सत्तर वर्षें पूर्ण झालीं. घरच्या मंडळींचा भीमरथी शांत करण्याचा आग्रह होता. तो आम्हीं गोडीगुलाबीनें मोडला आणि औक्षणावर समाधान मानलें. पंगत उठल्यावर धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, सत्तर वर्षांत तुम्ही काय काय केलंत?" आमच्या वाचकांस ठाऊक आहेच कीं, आमचा जन्म शाळेंत शास्त्र शिकविण्यांत गेला. तेंच उत्तर आम्हीं नातवास दिलें. पण त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. वाढदिवसाच्या दिवशीं माणसानें जमेपेक्षां देण्याची बाजू आधीं वाचावी, असें आमचे वडील म्हणत. आमच्या देण्याच्या बाजूस एक वाक्य लिहिलेलें आहे. तें आम्हीं आमच्या थोरल्या काकूंस सांगितलें खरें, पण पंधरा वर्षें उशिरा. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवतों.

१६ फेब्रुवारी १९८० रोजीं दुपारीं सूर्यास ग्रहण लागलें. कर्नाटकापासून ओरिसापर्यंतच्या एका पट्ट्यांत तें खग्रास होतें, पुण्यास खंडग्रास. रस्ते ओस पडले होते. आम्ही तेव्हां नुकतेच एम्.एस्‌सी. होऊन शिक्षक झालों होतों आणि अंगांत पंचविशीचा ताठा होता. थोरल्या वहिनींस सातवा महिना होता. काकूंनीं सकाळपासूनच विळी, सुरी, कातर, सुई, इतकेंच काय पण अडकित्ताहि फडताळांत घालून कुलूप लावलें, किल्ली कनवटीस खोंचली, आणि वहिनींस माजघरांत पाटावर बसवून त्या स्वतः जवळ बसल्या.

आम्हीं वाड्याच्या चौकांत पुठ्ठ्यास भोंक पाडून सूर्याचें प्रतिबिंब कागदावर पाडलें होतें. बिऱ्हाडकरूंचीं मुलें भोंवतीं जमलीं. त्यांस आम्हीं चंद्राची छाया, पृथ्वीची कक्षा, सर्व नीट समजावून दिलें. तेथेंच थांबतों तर बरें होतें. पण शेजारच्या बिऱ्हाडांतून एक विळी मागून आणली, ती माजघरांत वहिनींपुढें मांडली आणि म्हणालों, "वहिनी, काकूंच्या देखत एक बटाटा चिरा. राहूची फजिती एकदां होऊन जाऊं द्या." मंडळी हांसली. वहिनींना दिराचा शब्द मोडवेना. त्यांनीं खालीं मान घालून बटाटा चिरला. काकू एक शब्द बोलल्या नाहींत. उठल्या आणि देवघरांत जाऊन बसल्या.

एप्रिलांत वहिनींस मुलगी झाली, निकोप आणि गुटगुटीत. बारशाच्या दिवशीं भरल्या घरांत आम्हीं विचारलें, "काकू, ओठ नीट पाहून घ्या. कोठें चिरलेला आहे का?" काकूंनीं मुलीस मांडीवर घेतलें, तिच्या वरच्या ओठावरून हलकेंच बोट फिरविलें, आणि त्यांचे डोळे भरून आले. आम्ही मनांत म्हणालों, शास्त्राचा जय झाला. त्या अश्रूंचा याहून निराळा कांहीं अर्थ असेल, असें आम्हांस सुचलेंहि नाहीं.

पुढें १९९५ सालीं, २४ ऑक्टोबरास, ऐन दिवाळींतल्या अमावास्येस सकाळीं पुन्हा सूर्यग्रहण आलें. घरांत त्या वेळीं कोणी गरोदर नव्हतें, तरी काकूंनीं विळी उचलून ठेवलीच. तीच पुतणी आतां पंधरा वर्षांची झाली होती. ती काकूंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि म्हणाली, "काकूआजी, तुला एवढी भीति कशाची वाटते ग?" पंधरा वर्षांपूर्वीं आम्हीं काकूंपाशीं पुरावा मागितला होता. या पोरीनें त्यांच्या भीतीची चौकशी केली. काकू बोलूं लागल्या, आणि आम्ही दाराआड उभे राहून ऐकूं लागलों.

काकूंचें लग्न सतराव्या वर्षीं झालें. बिऱ्हाड तेव्हां कोंकणांत. पहिल्या खेपेस सातवा महिना चालू असतां एका रात्रीं चंद्रग्रहण होतें. दुसऱ्या दिवशीं घरीं ब्राह्मणभोजन. विड्यांसाठीं सुपारी कातरून ठेव, असें सासूबाईंनीं सांगितलें होतें. काम वेळेंत उरकलें नाहीं. शेवटच्या चार सुपाऱ्या कातरतांना ग्रहण लागून गेलें होतें. पुढें मुलगा झाला, तो वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेला असा. त्यास दूध ओढतां येईना. कापसाचा बोळा पिळून थेंब थेंब घालीत अठरा दिवस काढले. एकोणिसाव्या दिवशीं सर्व संपलें. घरांत कोणी मोठ्यानें रागें भरलें नाहीं. ज्यांनीं सुपारी कातरावयास सांगितली होती, त्या सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "ग्रहणांत कातरलीस ना!" पुढें काकूंस दोन मुलगे झाले, ते शिकून मोठे झाले, नातवंडें झालीं. पण त्या चार सुपाऱ्या त्यांच्या हातांतून सुटल्या नाहींत. घरांतल्या प्रत्येक गरोदर बाईपाशीं ग्रहणांत काकू कां बसत, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. आणि बारशाच्या दिवशींचें आमचें बोलणें आठवून आमचे पाय जागच्या जागीं लटपटूं लागले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही एका परिचित शल्यवैद्यांकडे गेलों. त्यांनीं सांगितलें तें असें. गर्भाचा चेहरा एकसंध तयार होत नाहीं. निरनिराळे भाग दोहों बाजूंनीं वाढत येतात आणि मध्यभागीं जुळतात. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान. ही जुळणी कोठें अपुरी राहिली तर ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. कांहीं घराण्यांत हा दोष आनुवंशिक दिसतो; बऱ्याच वेळां मात्र एखाद्या कारणाकडे बोट दाखवितां येत नाहीं. असा ओठ आतां मुलाच्या पहिल्या वर्षांतच शिवतां येतो, टाळूहि बहुधा दीड वर्षाच्या आंत शिवतात, आणि तोंवर त्यास दूध पाजण्याच्या खास बाटल्या मिळतात.

घरीं येऊन आम्ही काकूंपाशीं बसलों. या वेळीं व्याख्यान दिलें नाहीं. म्हणालों, "काकू, मुलाचा ओठ दुसऱ्या महिन्यांतच जुळायचा असतो. तुम्हीं सुपारी कातरलीत तेव्हां सातवा महिना होता. जें व्हायचें तें पांच महिने आधीं होऊन गेलें होतें. तुमच्या हातून कांहीं झालें नाहीं."

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सुपारीचा कांहीं संबंध नाहीं?"

"नाहीं, काकू."

"आणि त्याचा ओठ आधींपासूनच तसा होता? मला दिवस गेल्याचें नीट कळायच्याहि आधीं?"

"जवळजवळ तेव्हांपासूनच."

त्यांनीं पदर डोळ्यांस लावला. कांहीं वेळानें शांतपणें विचारलें, "अरे, मग हें तूं मला त्या दिवशींच कां नाहीं सांगितलेंस?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं तेव्हां नव्हतें आणि आजहि नाहीं. ही माहिती १९८० सालींहि वैद्यकाच्या पुस्तकांत छापलेली होती. आम्हीं ती उघडून पाहिली नाहीं, कारण काकूंच्या भीतीमागें कांहीं असेल असें आम्हांस वाटलेंच नव्हतें. आमच्या चौकांतल्या व्याख्यानांतलें प्रत्येक वाक्य खरें होतें. त्यांतून काकूंनीं एवढेंच ऐकलें कीं आपण अडाणी आहों. आपण निरपराध आहों, हें त्यांस कोणी सांगितलेंच नाहीं. आणि पंचावन्न वर्षें त्या वाट पाहत होत्या ती याच एका वाक्याची.

आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते, ती शास्त्राच्या शिक्षकास अधिकच लाजविणारी आहे. एका मुलाच्या दुभंगलेल्या ओठावरून काकूंच्या सासूबाईंनीं ग्रहण आणि सुपारी यांचा संबंध जोडला. एका मुलीच्या धड ओठावरून आम्हीं तो तोडला. एका उदाहरणावरून सिद्धांत बांधण्याची चूक दोघांचीहि एकच. फरक इतकाच कीं आमच्या हातीं पदवी होती.

अशा प्रश्नाचा निवाडा कसा करावा, याचा एक चांगला नमुना आपल्याच पुण्यांत घडला आहे. त्याचे एक कर्ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्मदिवसहि या जुलै महिन्यांतच येतो. १९ जुलै १९३८ रोजीं ते कोल्हापुरांत जन्मले आणि २० मे २०२५ रोजीं त्यांचें पुण्यांत निधन झालें. जन्मपत्रिकेवरून मुलाची बुद्धि ओळखतां येते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यांनीं आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर आदि सहकाऱ्यांनीं २००८ सालीं ज्योतिषांसच परीक्षेस बोलाविलें. शंभर हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक वाढ मंद असलेलीं शंभर मुलें, अशा दोनशें जणांच्या पत्रिका गोळा केल्या. एक्कावन्न ज्योतिषांनीं तयारी दाखविली. प्रत्येकास चाळीस पत्रिका मिळाल्या. सत्तावीस जणांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांतलीं बरोबर निघालीं तीं शेंकडा ४६. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी सुमारें शेंकडा ५० बरोबर आलीं असतीं. येथें कोणाची टवाळी केली नव्हती आणि निष्कर्षाची धारहि कमी केली नव्हती. ज्यांच्या घरीं असें मूल आहे, त्या आईबापांस या आंकड्यांत एक धीर आहे. मुलाच्या जन्मवेळेस बोल लावीत बसण्याचें कारण नाहीं. तो वेळ आणि तें बळ मुलाच्या शिक्षणाकडे लावावें.

हेच डॉक्टर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस सांगत कीं, शास्त्रांतला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तराखालीं माझी सही येईल. आधीं मुलानें विचारावें आणि मग आपण बोलावें, हा त्यांतला क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्यांच्या पत्नी डॉ. मंगला नारळीकर या गणिताच्या विदुषी. त्या २०२३ च्या जुलैंत निवर्तल्या. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'त्रेपन्न' या शब्दाबरोबरच 'पन्नास तीन' असें वाचन आलें, तेव्हां केवढा गदारोळ उठला हें वाचकांस स्मरत असेल. पाठ्यपुस्तकाच्या समितीच्या त्या प्रमुख होत्या. आपण ५३ लिहितांना पांच आधीं लिहितों आणि बोलतांना तीन आधीं उच्चारतों. सात वर्षांचें मूल या उलटापालटींत अडखळतें, एवढेंच त्या शांतपणें सांगत होत्या. त्यांचा तोडगा सर्वांस पटला नाहीं, आणि न पटण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. पण मूल नेमकें कोठें अडतें तें एवढ्या मोठ्या विदुषीनें खालीं बसून पाहिलें होतें.

कोणी म्हणेल, अशानें शास्त्र मवाळ होईल. भोळसट समजुतींस धक्का दिलाच पाहिजे. समजूत खोटी असेल तर ती खोटी आहे असें स्पष्ट सांगितलेंच पाहिजे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. आम्हीं काकूंस जें शेवटीं सांगितलें त्यांत ग्रहणाच्या समजुतीस कोणतीच सवलत नव्हती. मात्र आपली भाषा 'समजावणें' आणि 'समजून घेणें' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून बनविते. पहिल्याची घाई करून आम्ही दुसरें विसरलों होतों.

११ ऑगस्ट १९९९ रोजीं संध्याकाळच्या सुमारास पुन्हा सूर्यग्रहण होतें. काकूंची नातसून तेव्हां पांच महिन्यांची गरोदर होती. ती आपण होऊन माजघरांत पाटावर जाऊन बसूं लागली, तेव्हां काकू म्हणाल्या, "बस हवी तेथें. भाजी चिरायची असेल तर चीर. मात्र सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीं बघूं नकोस." ग्रहण सुटल्यावर काकूंनीं स्वतः नेहमींप्रमाणें स्नान केलें, आणि त्यावर आम्हीं या खेपेस एक अक्षरहि काढलें नाहीं. फडताळाची किल्ली त्यांनीं त्या दिवशीं कनवटीस खोंचलेली नव्हती.

काकू आतां नाहींत. २ ऑगस्ट २०२७ रोजीं दुपारनंतर महाराष्ट्रांतून पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचें आहे. आमच्या वाचकांच्या घरोघरीं त्या दिवशीं कोणी तरुण चौकांत पुठ्ठा घेऊन उभा राहील आणि कोणी वृद्ध बाई विळी उचलून ठेवील. त्या तरुणास आमची विनंति आहे. मुलांस छाया अवश्य दाखवावी, पण पुठ्ठा हातीं घेण्यापूर्वीं घटकाभर आजीजवळ बसून, "तुला भीति कशाची वाटते?" एवढें विचारावें. कदाचित् तिच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नसेलहि. असेल, तर तें पुरें ऐकावें आणि मग काय खरें तें सांगावें. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही उद्यां सुधारून देणार आहों.