जुनी चाल, नवे शब्द

पर्युषण जवळ आले की आपल्या किन्हवलीसारख्या लहान गावातही एखादी सून वा महाविद्यालयात जाणारा एखादा तरुण वही घेऊन स्तवन रचावयास बसतो. शब्द नवे असतात. वहीच्या माथ्यावर ‘तर्ज’ म्हणून नाव मात्र एखाद्या जुन्या चित्रपटगीताचे असते. ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात. उसन्या चालीवर भक्ती कशी उभी राहणार, असे ते विचारतात.

प्रश्न रास्त आहे. परंतु ही प्रथा आजची नव्हे. मध्ययुगीन जैन कवी आपल्या रास-स्तवनांतील ढाळ कोणत्या परिचित गीताच्या चालीवर म्हणावी, हे आरंभीच नोंदवीत. त्या चालीस ‘देशी’ म्हणत. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’मध्ये अशा देशींची दीर्घ सूचीच दिली असून तीत लौकिक लोकगीतेही आहेत. ओठांवर रुळलेल्या चालीतून नवा विचार सहज मुखोद्गत होतो, हे त्या कवींनी जाणले होते.

दूरदेशीही हेच दिसते. इंग्लंडचे बीटल्स १९६० पासून जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी रात्र रात्र गात, ती बहुतांशी इतरांची गाणी. त्यांची स्वतःची कीर्तिमान गीते त्यानंतरची. १९६५ च्या ‘यस्टरडे’ची चाल मॅकार्टनी यांना आधी सुचली, खरे शब्द सापडेपर्यंत त्यांनी निरर्थक शब्द घालून तिची जागा राखून ठेवली होती.

चाल ही ताळेबंदाच्या छापील नमुन्यासारखी असते. रकाने ठरलेले, नोंदी आपण करावयाच्या. म्हणून नवोदितांनी एक आवडते गीत हाताने उतरवून काढावे. लघूची एक, गुरूची दोन अशा मात्रा मोजाव्यात. प्रत्येक अंतऱ्याने कोणता नवा अर्थ आणला आणि त्यामुळे परतलेले ध्रुवपद कसे बदलले, ते समासात लिहावे. सूर जेथे लांबतो, तेथे दीर्घ अक्षर योजावे. अन्यथा ‘कर्ममल’ धुवावयास निघालेला भक्त गाता गाता ‘माल’ धुऊ लागतो!

एक धोका मात्र खरा आहे. प्रसिद्ध चालीमागून तिचे मूळ शब्द डोकावतात आणि वैराग्याच्या ओळीत श्रोत्यास प्रणयगीत आठवते. यास्तव भावाला साजेशी चाल निवडावी, आणि हात बसला की तीही सोडावी. गदिमांनी चित्रपटांसाठी विपुल गीतलेखन केले होते. पुढे १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा शब्द गदिमांचे आधी येत आणि सुधीर फडके त्यांस चाल देत. अशी ५६ गीते झाली. चालीचे बंधन पचविलेला कवी चालीविना गेय लिहू शकतो, तो असा.

तेव्हा ज्येष्ठांनी चाल कोठून आणली, हे विचारू नये. ‘बेटा, आधी नुसते वाचून दाखव,’ एवढेच म्हणावे. वाचतानाच अर्थ मनास भिडला, तर ती रचना त्या मुलाची स्वतःची झाली असे समजावे. न भिडला, तर वही परत देऊन पुन्हा लिहिण्यास प्रेमाने सांगावे.