गाड्या किती, रस्त्यावर किती?

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये साडेतीन तास बसून आले, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. सोबत माझी बहीण, मेहुणे आणि भाची.  भाचीची यंदा बारावी झाली, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही चांगले गेले आणि बाईंना पायलट व्हायचं आहे. परदेशातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश मिळवून देणाऱ्या एका संस्थेचा तो कार्यक्रम होता.

पडद्यावर समुद्रकिनारा, पांढरीशुभ्र विमानं, खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेली हसरी मुलं. वसतिगृहाचा पोहण्याचा तलाव दोनदा दाखवला. शेवटी माइक हातात घेऊन एक गृहस्थ म्हणाले, ‘आज रात्री बारापर्यंत पूर्ण फी भरणाऱ्यांना दहा टक्के सवलत.’ माझ्या मेहुण्यांनी खिशातलं पेन काढलं. साताऱ्याजवळची दोन एकर जमीन या मुलीसाठी विकायची, हे त्यांनी मनाशी ठरवलेलंच आहे. मी त्यांचा हात धरला आणि उभी राहून विचारलं, ‘तुमच्या शाळेकडे विमानं किती आणि मुलं किती?’ उत्तर आलं, ‘मॅडम, आमचा ताफा अत्याधुनिक आहे.’ पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. बापाच्या जमिनीचे पैसे घेणाऱ्या माणसाला एक आकडा सांगता येऊ नये, याचा मला फार संताप आला.

ज्यांच्या घरात हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, डीजीसीए ही सरकारी यंत्रणा देते. त्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून. शिवाय नेव्हिगेशन, हवामान, नियम यांचे पेपर आणि क्लास वन मेडिकल. गोंदियाला, बारामतीला, धुळ्याला शिकण्याची सोय आहे, पण विमानासाठी थांबत थांबत दीड-दोन वर्षं सहज जातात, म्हणून मुलं अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड गाठतात. परत आल्यावर परवाना भारतीय करून घ्यायचा, मग एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची पात्रता; त्याचे पैसे वेगळे. नोकरी त्यानंतर.

घरी आले तर जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले. एसटीत एकतीस वर्षं चालक होते, त्यातली बरीचशी सातारा डेपोत. माझा चेहरा बघून आत आले, पाणी प्यायले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, गाड्या किती हा प्रश्नच अर्धा आहे. डेपोत साठ गाड्या उभ्या दिसतील. सकाळी रस्त्यावर किती निघाल्या ते विचारायचं.’

भाचीने वहीत पहिलं वाक्य हेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने ओळखीतून एक मुलगा शोधला. मूळचा सांगलीकडचा, सध्या फ्लोरिडात शिकतोय. ही ओळख त्या संस्थेने करून दिलेली नव्हती, हे मुद्दाम सांगते. संस्थेने दिलेल्या नंबरवर बोलणारी मुलं खूशच असतात. या पोराने व्हिडिओ कॉलवर फोन सरळ विमानतळाच्या फरशीकडे वळवला. अकरा विमानं उभी होती. तीन विमानांची इंजिनं उघडी, एकाचं पुढचं चाक बसलेलं. ‘ते चाक बसलेलं गेल्या महिन्यापासून तसंच आहे,’ तो म्हणाला. मग एका सेसना १७२ मध्ये शिरून त्याने डॅशबोर्डवरचा एक छोटा मीटर दाखवला. त्याला हॉब्स मीटर म्हणतात. इंजिन चालू झालं की हा पळायला लागतो आणि तासाच्या दहाव्या भागाने, म्हणजे सहा-सहा मिनिटांनी, पुढे सरकतो. बिल त्याच्यावर.

आता यातली मेख बघा. विमानतळ गजबजलेला असेल तर धावपट्टीपाशी उड्डाणासाठी रांग लागते. रांगेत इंजिन चालूच. अठरा मिनिटं थांबलात, तर ताशी २०० डॉलरच्या हिशेबाने ६० डॉलर जागेवरच गेले. गंमत म्हणजे ती मिनिटं लॉगबुकातही चढतात, कारण उड्डाणासाठी विमान हललं की तास मोजायला सुरुवात होते. म्हणजे कागदावर तास भरले, हात मात्र बसला नाही. वीस उतरण्यांच्या पैशांत पोरगी बारा उतरणार. तो मुलगा हे अगदी शांतपणे सांगत होता. मेहुणे माझ्यामागे खुर्ची धरून उभे होते.

त्याचं दुसरं दुखणं इन्स्ट्रक्टरचं. सात महिन्यांत त्याला चौथा इन्स्ट्रक्टर मिळालाय. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं, त्यानंतर अमेरिकेत नियम कडक झाले आणि एअरलाइनमध्ये वैमानिक म्हणून बसायला साधारणपणे १,५०० तास लागू लागले. ते तास गोळा करायला तरुण वैमानिक शाळेत शिकवतात आणि तास भरले की जातात. त्यांचं काही चुकत नाही, त्यांनाही घरं चालवायची आहेत. पण नवा इन्स्ट्रक्टर आला की आधी जुनंच घोटून घेतो, आणि त्या घोटण्याचा मीटरही विद्यार्थ्याच्याच नावावर पळतो.

आणि आगाऊ फी! यावर मी कुणाचंही ऐकणार नाही. स्कॉटलंडमध्ये डंडीला टेसाइड एव्हिएशन ही अनेक दशकं चाललेली शाळा होती, ती एप्रिल २०२३ मध्ये बंद पडली. जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅमची एफटीए ही फ्लाइंग स्कूल बुडाली. दोन्हीकडे मुलं अर्ध्या शिक्षणावर अडकली आणि भरलेले पैसेही. विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळा इंधन, विमा आणि दुरुस्तीच्या ओझ्याखाली कधी बसतील ते सांगता येत नाही. जेवढं उडाल तेवढं द्या, फार तर पुढच्या थोड्या तासांचे पैसे खात्यावर ठेवा. जी शाळा याला तयार नाही ती कितीही चकचकीत असो, आपली नाही. आणि त्याही आधी मेडिकल. क्लास वनचा कागद हातात नसताना लाखो रुपये भरलेली दोन घरं मला माहीत आहेत. दोन्ही मुलं मेडिकलला अडली.

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा ते इन्स्ट्रक्टरवर अडकले. म्हणाले, ‘माझं नशीब, मला एकच माणूस मिळाला.’ आणि मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या शिकण्याची गोष्ट सांगितली. पसरणी घाटात एक जुने चालक त्यांच्या शेजारी बसायचे. महाबळेश्वरहून परतीची गाडी, पावसाळा, समोर धुकं. ते काही बोलायचे नाहीत, फक्त वळणाच्या आधी दोन बोटं टपावर टेकवायचे. बोटं टेकली की गिअर खाली घ्यायचा. दीड महिन्याने एका वळणाला बोटं टेकली नाहीत, आणि काकांनी आपणहून गिअर घेतला. ‘मी त्यांच्याकडे बघितलं तर ते खिडकीतून बाहेर बघत होते,’ काका म्हणाले. ‘त्या दिवसानंतर ते शेजारी बसायचे बंद झाले.’ सांगताना काकांचा डावा हात नसलेल्या गिअरवर गेला होता. सत्तरी उलटलेला तो हात अजून वळण ओळखतो. भाची त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

ती म्हणाली, ‘काका, चौथ्या माणसाला माझं कुठलं वळण कच्चं आहे ते कसं कळणार?’

‘तेच तर,’ काका म्हणाले.

मग दोघांनी बसून प्रश्न काढले. एका विद्यार्थ्यामागे विमानं किती? गेल्या महिन्यात रोज किती उडाली? दुरुस्ती शाळेच्या आवारात होते की विमान बाहेर पाठवतात? इन्स्ट्रक्टर सरासरी किती महिने टिकतो? गेल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जणांचा कोर्स ठरल्या वेळेत झाला? वाईट हवामानामुळे वर्षातले किती दिवस जातात? हा शेवटचा प्रश्न माझा. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार झाली की गडगडाटी ढग जमतात, हे त्या मुलाने सांगितलंच होतं. तरी मला वाटतं, थोडे ढग असलेले बरे. वर्षभर लख्ख आकाशात शिकलेल्या मुलीला उद्या जुलैत मुंबईला उतरायचं आहे.

सोमवारी तीन शाळांना मेल गेले. दोघांनी तेच समुद्राचे फोटो असलेलं पत्रक पाठवलं. तिसऱ्या शाळेचं उत्तर काल रात्री आलं. भाची काकांना वाचून दाखवत होती, ‘एकूण बावीस विमानं आहेत, सध्या सोळा उडतात.’

काकांनी चष्मा वर केला. ‘उरलेल्या सहांचं काय झालंय?’

ती लगेच दुसरा मेल लिहायला बसली. मेहुण्यांनी जमिनीच्या दलालाला तूर्त थांबायला सांगितलं आहे.