हिमोग्लोबिन वाढत नाही? बीट किसण्याआधी क्रिएटिनीन तपासा

“डॉक्टर, सहा महिने टॉनिक चालू आहे, रोज बीटचा रस घेतो, तरी हिमोग्लोबिन 8 च्या वर जात नाही.” असं सांगणाऱ्याला मी विचारतो, मधुमेह किंवा ब्लडप्रेशर आहे का? क्रिएटिनीन कधी तपासलं? उत्तर ठरलेलं : “ते कशाला? लघवी तर व्यवस्थित होते.”

लघवी व्यवस्थित होते म्हणजे किडनी ठणठणीत, हा मोठा गैरसमज आहे. किडनी नुसती गाळणी नाही. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन तयार करते. हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम या हार्मोनकडून मिळतो. किडनी निकामी होत गेली की हा हुकूमच कमी पडतो. एरवी सुमारे 120 दिवस जगणाऱ्या पेशीही लवकर मरतात. शिवाय शरीरात हेप्सिडिन वाढतं, त्यामुळे गोळीतलं लोह नीट शोषलं जात नाही आणि साठलेलं लोह वापरता येत नाही. मग नुसतं टॉनिक काय करणार?

बीट, डाळिंबाचा रस, शहाळं यांत पोटॅशियम भरपूर असतं. किडनी बरीच खराब झाली असेल तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘घरगुती आहे, अपाय नाही’ हे इथे खोटं ठरतं.

“एक बाटली रक्त चढवा ना!” हा आग्रहही धोक्याचा. अत्यंत गरज असेल तेव्हा रक्त द्यावंच लागतं, पण त्यातून तयार होणाऱ्या अँटिबॉडीज पुढे किडनी प्रत्यारोपणाला अडथळा ठरू शकतात.

दोष फक्त रुग्णांचा नाही. ‘वय झालं, थकवा येणारच’ म्हणत टॉनिक लिहून देणारे आम्ही डॉक्टरही तितकेच जबाबदार आहोत. क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रोटीन या साध्या तपासण्या आहेत. किडनीचा आजार निघाला तर फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन पाहून लोह द्यायचं, गरज असल्यास शिरेतून, आणि मग लागलं तर एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं. तीही बेतानेच, कारण हिमोग्लोबिन ओढूनताणून 13 च्या वर नेलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो.

लोह कमी असल्यामुळे रक्त कमी होतं, हे खरंच. पण दरवेळी तेच कारण धरून बसू नका. पुढच्या वेळी कोणी टॉनिक लिहून दिलं, तर एवढंच विचारा : “माझी किडनी तपासली का?”