आधी टाळी, मग गाणं

मैत्रिणींनो, गेल्या कोजागिरीला मी अकोल्याला गेले होते ती मसाल्याच्या दुधासाठी नव्हे, भुलाबाईच्या गाण्यांसाठी. आमच्या मावससासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. वऱ्हाडातली ही गाणी त्यांना जेवढी पाठ, तेवढी आता घराण्यात कुणालाच नाहीत. शब्द वहीत उतरवता येतात हो, पण चाल कशी उतरवायची? म्हणून पुतण्याचा मोबाईल स्टँडवर लावून चित्रण केलं. अंगणाच्या पल्याड कूलर घरघरत होता, म्हणून आवाज स्वच्छ यावा या हिशेबानं माझा मोबाईल मावशींच्या शेजारी उशीवर ठेवला. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. सिनेमावाले असंच करतात, असं मी कुठंसं वाचलं होतं ना!

अमरावतीला परतल्यावर लेकीनं दोन्ही एकत्र जोडलं आणि मावशींना पाठवलं. लगेच फोन. "काहून वं सूनबाई, माहं तोंड मिटलं तरी गानं चालूच हाये! भूत शिरलं काय माह्यात?"

चूक कुठं झाली ते सांगते, म्हणजे तुमची व्हायची नाही. दोन यंत्रं दोघांनी वेगवेगळ्या वेळी सुरू केली. त्यांची गाठ कुठं मारायची, याची खूणच आम्ही ठेवली नव्हती. सिनेमात ती काळी-पांढरी पाटी खटकन आपटतात ना, ती काही शोभेची नसते. पाटीचे दोन भाग भिडलेले चित्रात दिसतात आणि तो 'खट्' ध्वनीत ऐकू येतो. दोन्ही एकावर एक बसवले, की पुढचं सगळं आपोआप जुळतं. आपल्याला पाटी नको, एक टाळी पुरते. मात्र ती कॅमेऱ्यासमोर, तळहात एकमेकांना भिडताना स्पष्ट दिसतील अशी, आणि एकच. दोन-तीन वाजवल्यात तर कोणती कोणाची, याचा घोळ. टाळीआधी तोंडानं गाण्याचा क्रमांक सांगा. आणि हो, गाणं संपल्यावर यंत्रं बंद करण्याआधी आणखी एक टाळी. तिचं काम पुढे येईलच.

दुसरी चूक लेकीची. चित्रणाच्या मोबाईलमधला आवाज घरघरीचा, म्हणून तिनं तो आधीच काढून टाकला, आणि जागा हवी म्हणून मूळ चित्रणही पुसलं! तो खराब आवाज म्हणजे शिवणातला कच्चा टाका. पक्की शिवण होईपर्यंत उसवायचा नाही. दोन्ही आवाजांच्या पट्ट्या पडद्यावर एकाखाली एक ठेवल्या, की टाळीचा उंच काटा दोन्हीत दिसतो. काटा काट्याखाली आणला की झालं. मग खुशाल कच्चा आवाज बंद करा.

पुन्हा गायला सांगावं, तर दिवाळीनंतर मावशींना दम लागू लागला. बसल्या जागी दोन ओळी म्हटल्या तरी धाप. जे हाती होतं तेच वाचवायचं होतं. चार रात्री आम्ही मायलेकी पडद्यासमोर बसलो. पहिल्या तीन गाण्यांना पोरींच्या टिपऱ्या होत्या. टिपरीवर टिपरी पडली की तीच आमची टाळी! पुढच्या गाण्यांत टिपऱ्या नव्हत्या, तिथं मावशींच्या ओठांनी हात दिला. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. 'भुलाबाई' म्हणताना ओठ उघडले, की तिथंच 'भ' ऐकू यायला हवा.

किती अचूक हवं, असं विचाराल. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या मोजणीत सेकंदाला 25 चित्रं येतात, म्हणजे एक चित्र सेकंदाचा पंचविसावा भाग. आवाज एखाद-दोन चित्रं मागं राहिला तर सहसा कळत नाही. पण तोंड उघडण्याआधी आला, तर लगेच खटकतं. नदीवर लांब कुणी धुणं आपटत असेल, तर धोपाटणं आधी दिसतं आणि आवाज मागून येतो. डोळ्याकानांना हीच सवय. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तेव्हा पंचेचाळीस फुटांवरून टाळी वाजवली तर तिथंच एक चित्र हुकतं. टाळी माणसाजवळ, ध्वनीचा मोबाईलही हातभर अंतरावर.

आता त्या शेवटच्या टाळीचं काम. चाळीस मिनिटांच्या चित्रणात सुरुवात जुळली, तरी शेवटाला तीन-चार चित्रांचा फरक पडला. दोन घड्याळं एका वेळी लावली तरी महिन्यानं मागं-पुढं होतातच. या यंत्रांच्या आतही प्रत्येकाचं वेगळं घड्याळ. शेवटच्या टाळीनं फरक किती ते कळतं. मग दोन गाण्यांमधल्या शांततेत आवाज कापायचा आणि पुढचं गाणं नव्यानं जुळवायचं. खरं तर प्रत्येक गाणं वेगळं घेतलेलं बरं. ध्वनीच्या मोबाईलमध्ये 48 हजारांची मोजणी निवडा, चित्रणाला तीच चालते. दोन्ही मोबाईल विमान-मोडवर, नाहीतर ऐन कडव्यात जावेचा फोन यायचा. अंधारात काही मोबाईल चित्रांची संख्या आपणहून कमी-जास्त करतात आणि जुळणी बिघडते. दिवा भरपूर लावा. आणि कूलर बंद, कितीही उकडलं तरी.

1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गाबाई खोट्यांना अभिनय करता करताच गावं लागलं होतं. मागून आवाज घालायची सोय तेव्हा रुळलेली नव्हती. आपल्या मावश्या आजही तशाच गातात, म्हणून हा सगळा खटाटोप.

जुळवलेलं चित्रण घेऊन मागच्या महिन्यात अकोल्याला गेले. मावशींनी चष्मा लावून सगळं पाहिलं. ओठ-आवाजाबद्दल एक शब्द नाही. "पाचव्या गान्यात एक कडवं राह्यलं पाय," म्हणाल्या, आणि धापा टाकत ते म्हणायलाच बसल्या. मी पर्समधून दोन्ही मोबाईल काढेपर्यंत ते संपलंसुद्धा!