रणगाड्यांचे यात्रेकरू

रणभूमि पाहावयास जाण्याची एक नवी हौस आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गांत रुजूं लागली आहे. माढ्यासारख्या तालुक्याच्या गांवांतूनहि हल्लीं कुटुंबेंच्या कुटुंबें जैसलमेरला जातात व लोंगेवाला पाहून येतात. देवदर्शन आणि थंड हवेचीं ठिकाणें यांच्या जोडीला रणक्षेत्र आलें, तर त्यांत वाईट कांहींच नाहीं. आमची तक्रार जाण्याविषयीं नसून, परत आल्यावर जें सांगितलें जातें त्याविषयीं आहे. तोफेच्या नळीचा व्यास, चिलखताची जाडी, टनांतलें वजन, ताशीं वेग, हें सारें लहान मुलांनाहि तोंडपाठ. आणि ज्या जमिनीवर उभें राहून तें पाठ केलें, ती जमीन मात्र कोणाच्याच ध्यानांत नाहीं!

वास्तविक लोंगेवाला रणगाड्याचा महिमा सांगतच नाहीं. १९७१ च्या डिसेंबरांत तेथें पाकिस्तानचे रणगाडे मऊ वाळूंत रुतले, आणि उजाडतांच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनीं ते टिपले. १९६५ सालच्या असल उत्तरची गोष्ट तर ऊस पिकविणाऱ्या आमच्या तालुक्याला शिकवावयासहि नको. अमेरिकेनें पाकिस्तानला दिलेले पॅटन त्या काळीं अजिंक्य समजले जात. पाणी सोडून भिजविलेल्या शेतांत ते फसले, आणि उभ्या उसांत दबा धरून बसलेल्यांनीं ते फोडले. नुकत्याच भिजलेल्या उसाच्या फडांत ट्रॅक्टर घालून पाहिलेल्या शेतकऱ्याला पॅटनची दशा एका वाक्यांत कळते. चिलखताची जाडी पाठ असलेल्या पदवीधराला ती कळत नाहीं. जीपवरील तोफेनें पॅटन उडविणारा अब्दुल हमीद तेथेंच पडला व परमवीरचक्राचा मानकरी झाला. त्याचें नांव पुष्कळांना ठाऊक असतें, पण पॅटनच्या वजनाइतकें बिनचूक नव्हे.

यंत्राचें ज्ञान हेंहि ज्ञानच, असें यावर कोणी म्हणेल. मान्य आहे. त्यासाठीं १९९४ पासून नगरचें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें मुलांना अवश्य न्यावें. परंतु संग्रहालय व रणभूमि यांत अंतर आहे. संग्रहालयांत यंत्र पाहावयाचें असतें. रणभूमीवर माणसें काय करीत होतीं आणि त्यांचें काय झालें, हें विचारावयाचें असतें. हा दुसरा प्रश्न अडचणीचा असल्यामुळेंच आम्ही पहिल्यांत इतके रमतों, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

आरोपाचा पुरावा दूर नाहीं. सीना ओलांडली कीं परांडा तालुका लागतो. १९४८ सालीं तो निजामाचा मुलूख होता. अलीकडे आपण मुंबई प्रांतांत होतों. त्या वर्षीं १३ सप्टेंबरला पहांटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हुकमतीखालीं हिंदी फौज सोलापुराहून निघाली. नळदुर्गाजवळ बोरी नदीवरचा पूल तिनें अचानक चाल करून धडका हातीं घेतला, तिसऱ्या प्रहरीं ती उमरग्यांत होती. दुसरी एक तुकडी पहांटेसच तुळजापुरावर गेली; तेथें निजामी शिपाई आणि सुमारें २०० रझाकार दोन तास लढले. दुसऱ्या महायुद्धांतले शर्मन आणि स्टुअर्ट हे रणगाडे त्या मोहिमेंत होते, आणि पांच दिवसांत सारें आटोपलें. याच चौधरींनीं पुढें १९६५ च्या युद्धांत सरसेनापति म्हणून काम पाहिलें. आज पावसाळ्यांत आम्ही नळदुर्गाला नर-मादी धबधबे पाहावयास जातों, नवरात्रांत तुळजापुरास पायीं जातों. म्हणजे रणभूमीवरूनच जातों. पण ती रणभूमि आहे हें आमच्या गांवींहि नसतें.

कां नसतें? केवळ रणगाडे येथें मांडून ठेवलेले नाहींत म्हणून नव्हे. येथें थांबलें तर दोन गोष्टी बोलाव्या लागतात. पहिली रझाकारांच्या जुलमाची. ती आम्ही बोलतों, आणि बोललीच पाहिजे. त्या जुलमानें गांवें जाळलीं, माणसें सरहद्द ओलांडून आमच्या बाजूस आलीं. दुसरी त्यानंतरची. फौज पुढें गेल्यावर मुसलमान वस्त्यांवर जी कत्तल व लूट झाली, तिची चौकशी करण्यास पंडित नेहरूंनीं पंडित सुंदरलाल यांची समिति पाठविली. मृतांचा तिचा सावध अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता, आणि सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, होतें. लुटींत कांहीं ठिकाणीं शिपायांचाहि हात होता असें ती सांगते. शेजाऱ्यांना वांचविणाऱ्या हिंदूंची नोंदहि ती करते. हा अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं.

जुन्या जखमा कशाला उकरतां, हा प्रश्न मला एकाहून अधिक सुसंस्कृत घरांत ऐकावा लागला आहे. गंमत अशी, कीं रझाकारांच्या गोष्टी निघतात तेव्हां जखमांची ही काळजी कोणासच वाटत नाहीं! दोन्ही सांगा किंवा दोन्ही सोडा, इतका तरी न्याय इतिहासाला मिळावा. कोणी असेंहि म्हणतात, कीं यानें फौजेच्या यशाला काळिमा लागतो. निजामी राजवट संपविणें आवश्यक होतें हें मीहि मानतों. त्या पांच दिवसांचें श्रेय कोणी हिरावून घेत नाहीं. परंतु सहाव्या दिवसापासून काय झालें हें विचारण्यास जें यश भितें, तें आम्हांला फार तकलादू वाटत असलें पाहिजे.

शर्मनचें वजन पुस्तकांतून पुढेंहि सांपडेल. पण १९४८ सालीं दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे. असे वृद्ध परांड्याकडच्या व तुळजापुराकडच्या गांवांतून अजून आहेत, दोन्ही धर्मांचे. जैसलमेरचीं तिकिटें ज्यांनीं काढलीं असतील त्यांनीं खुशाल जावें. निघण्यापूर्वीं एक रविवार मात्र मुलांना घेऊन सीनेपलीकडे काढावा, एखाद्या ओट्यावर बसावें, आणि म्हातारे सांगतील तें मुलांकडून लिहून घ्यावें.