सुट्टी मुलांची, वेळ कोणाचा?

मे महिन्यात मुंबईतल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक दृश्य दिसते. आठ-दहा वर्षांचे मूल, सोबत आई आणि तक्रारींची लांबलचक यादी. डोके दुखते, भूक लागत नाही, पोटात कसेतरी होते, डोळे सारखे चोळतो, काही बोलायला गेले की चिडतो. तपासणीत फारसे काही सापडत नाही. झोपेची चौकशी केली की मात्र उलगडा होतो. रात्री दीड-दोनला झोप, सकाळी अकराला उठणे, उठल्यावर चहा-बिस्किटे, दुपारी तीनला जेवण आणि मधला सगळा वेळ हातात मोबाइल. दुखणे पोटाचे, पण बिघाड दिनक्रमाचा. औषधाची चिठ्ठी न मिळाल्याने जराशी खट्टू झालेली आई उठता उठता विचारते, ‘मग एखादा क्लास लावू का?’

भायखळा, माझगाव, आग्रीपाडा, लालबाग या पट्ट्यात हा प्रश्न आता घरोघरी आहे. एकेकाळी इथली निम्मी चाळ मे महिन्यात गावी जायची. कोकणात किंवा घाटावर आजी-आजोबा असायचे, आंबे-फणस असायचे आणि मुलांना रमवण्याचा प्रश्नच कुणाला पडत नसे. आता गावचे घर बंद असते, कोकण रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, आईलाही नोकरीत रजा नसते. मुले मुंबईतच राहतात, दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याखाली. मग चित्रकला, रोबोटिक्स, वैदिक गणित, व्यक्तिमत्त्व विकास यांपैकी खिशाला परवडेल ते शोधले जाते. क्लास वाईट असतो असे नाही. चांगला शिक्षक मिळाला तर मुलाचे भाग्यच. पण दहा दिवस रोज दोन तासांच्या शिबिराने दीड महिन्याची सुट्टी भरत नाही. शिवाय शिबिरात वेळापत्रक असते, शेवटच्या दिवशी प्रदर्शन असते, प्रमाणपत्र असते. म्हणजे शाळाच, फक्त गणवेश नाही.

छंद म्हणजे काय, हे पाहायला भायखळ्याच्या लोकांना लांब जावे लागत नाही. राणीच्या बागेच्या दाराशी जे संग्रहालय आहे, ते २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. भाऊ दाजी हे भायखळ्यातल्याच ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. दिवसभर रुग्ण, भाऊ नारायण दाजी यांच्यासोबत चालवलेला धर्मादाय दवाखाना, कुष्ठरोगावर वनस्पतिज औषधाचे प्रयोग. आणि एवढे सांभाळून जुनी नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते आणि शिलालेख यांचे वेड. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख उतरवून घेऊन त्यांचे वाचन त्यांनी प्रसिद्ध केले. लहानपणी बुद्धिबळातली त्यांची हुशारी पाहून एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या वडिलांना या मुलाला इंग्रजी शिक्षण द्या असे सुचवले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. हे संग्रहालय उभे राहावे म्हणून जॉर्ज बर्डवुड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर ते झटले. शिलालेख वाचण्यासाठी त्यांना कोणी प्रमाणपत्र देणार नव्हते. आवड होती, म्हणून ते करीत होते.

या ‘आवड म्हणून’ या शब्दांत वैद्यकीय अर्थही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळण्यापासून आजारपण सोसण्यापर्यंत अनेक ठिकाणी कलेचा हातभार लागतो, असे त्यातून दिसले. त्याआधी २०१६ साली अमेरिकेत ३९ प्रौढांचा एक छोटा प्रयोग झाला. पाऊण तास माती, रंग किंवा कागदाचे कातरकाम असे हवे ते करायचे आणि आधी व नंतर लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजायचे. सुमारे पाऊणशे टक्के लोकांत ते कमी झाले. ज्यांना चित्रकला येत होती आणि ज्यांना आयुष्यात कधी ब्रश धरता आला नव्हता, त्यांच्यात याबाबत फरक आढळला नाही. ‘मला काही येत नाही’ म्हणून बाजूला बसणाऱ्या वडिलांनी हे जरूर लक्षात घ्यावे. ज्येष्ठांबाबतची आकडेवारी तर मोठी आहे. १६ देशांतल्या ६५ आणि त्यापुढील वयाच्या ९३ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक आढळले. अर्थात, अशा अभ्यासांकडे थोडे सावधपणे पाहावे लागते. ज्याचे गुडघे आणि मन दोन्ही धड आहे, त्यालाच छंद सुचतो, हेही खरे असू शकते. पण छंदाचे दुष्परिणाम जवळपास नाहीत आणि खर्च नगण्य, तेव्हा कडेकोट पुराव्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

छंदाचा जीव मात्र नाजूक असतो. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड येथे बालवाडीतल्या मुलांवर झालेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलेस तर बक्षीस मिळेल’ असे आधीच सांगितले गेले. इतरांना तसे काही सांगितले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात काय घडते ते पाहिले, तर बक्षिसाचे आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आजचे बक्षीस सोनेरी चांदणीचे नसते, लाइकचे असते. मुलाने काढलेला हत्ती पाच मिनिटांत आईच्या स्टेटसवर गेला की पुढचा हत्ती ते बघणाऱ्यांसाठी काढते. चार हत्तींनंतर काढतच नाही. चित्र घरात भिंतीला चिकटवावे, वाकडे असेल तर वाकडेच राहू द्यावे.

आता घराबाहेरचे. राणीची बाग १८६२ साली खुली झाली आणि आज मुलांच्या लेखी ती पेंग्विन आणि वाघापुरती आहे. पण ती मुळात वनस्पतींची बाग. मध्यंतरी नूतनीकरणाचा वाद उभा राहिला तेव्हा मुंबईतल्या काही हौशी नागरिकांनी झाड न् झाड मोजून त्याच्या नोंदी केल्या. तीन हजारांहून अधिक वृक्ष निघाले. गोरखचिंचेचे पिंपासारखे खोड, कैलासपतीची खोडालाच लगडलेली फुले आणि तोफगोळ्यांसारखी फळे, उर्वशीचे लाल झुंबर, हे सगळे भायखळा स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एक शंभर पानी वही, एक पेन्सिल, रोज एक झाड. गळलेले पान वहीत दाबायचे, नाव विचारून लिहायचे, नाही कळले तर स्वतः ठेवायचे. पैसे जवळपास लागत नाहीत.

याचा थेट संबंध डोळ्यांशी आहे. मुलांमध्ये लघुदृष्टिदोष, म्हणजे लांबचे धूसर दिसणे, जगभर वाढते आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांत तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज फक्त ४० मिनिटे जादा वेळ मोकळ्या हवेत नेले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना हा दोष जडला, जादा वेळ बाहेर गेलेल्यांत तो ३०.४ टक्क्यांना जडला. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही तो त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे उन्हात तापायची गरज नाही, किंबहुना तापूच नये. मुंबईचा पारा विदर्भाइतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. खेळाच्या नादात मुलाला तहान कळत नाही. सकाळचा वेळ किंवा ऊन उतरल्यावरची संध्याकाळ, सोबत पाण्याची बाटली, घरी आल्यावर कोकम सरबत किंवा पन्हे. दुपारी बारा ते चार घरातच. रस्त्यावरच्या गोळ्याबद्दल मुलांचे आणि डॉक्टरांचे कधी एकमत होणार नाही, तो विषय इथेच सोडलेला बरा.

ती घरातली दुपार हाच खरा कठीण भाग. संग्रहालयात मुंबईच्या जुन्या रहिवाशांचे, त्यांच्या पेहरावांचे आणि व्यवसायांचे मातीचे छोटे नमुने आहेत. ते पाहून आलेल्या मुलाच्या हातात शाडूची माती दिली तर दुपार सरते. माती लालबाग-परळ भागात मिळते. गणपतीच्या कारखान्यांत याच दिवसांत कामाची लगबग सुरू झालेली असते. बोटांच्या बारीक स्नायूंना मातीइतका चांगला व्यायाम नाही आणि मोबाइलवर सरकणाऱ्या अंगठ्याला तर तो हवाच. पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी दिवसात दोन तासांपेक्षा कमी वेळ पडद्यासमोर घालवावा, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०२१ ची शिफारस आहे. ती पाळायची तर मोबाइल काढून घेतलेला हात रिकामा ठेवून चालत नाही.

पण माती मळून कोण देणार? वही घेऊन बागेत कोण नेणार? ‘कुटुंबाने एकत्र वेळ घालवावा’ असे सांगणे सोपे आहे. सुट्टी मुलांना असते, वडिलांना नसते आणि आईला तर सुट्टीत दुप्पट काम असते. शाळेचा डबा एकदाच भरावा लागतो, घरी बसलेल्या मुलांना दर दीड तासाने भूक लागते. त्यात याच महिन्यात वर्षाचा मसाला. लालबागहून मिरच्या आणायच्या, गॅलरीत वाळवायच्या, देठ काढायचे, डंकावर कुटून आणायच्या. शिवाय पापड, कुरडया, सांडगे. अनेक घरांत कौटुंबिक वेळ म्हणजे बाकीचे टीव्हीसमोर एकत्र आणि आई ओट्यापाशी, असाच असतो. मानदुखी, पाठदुखी, झोप नाही, रक्तदाब वाढलेला अशा बायका जून महिन्यात तपासणीला येतात, त्यांचा मे कसा गेला हे विचारावे लागत नाही.

उन्हाळी कामे हा खरे तर या गिरणगावाचा जुना सामूहिक छंद. चाळीच्या गॅलरीत दहा जणी पापड लाटत, पोरे लाट्या पळवून खात, कावळ्यांवर पहारा ठेवत. आज पुनर्विकासातल्या इमारतीत गॅलरी नाही आणि गच्चीला कुलूप असते, म्हणून बरेच जण विकत आणतात. त्यात गैर काही नाही. पण ज्या घरात हे होते, तिथे दहा वर्षांच्या मुलाच्या हातातही लाटणे द्यावे. मुलगा असला तर आवर्जून द्यावे. पीठ तिंबणे, गोल लाटणे, कुरडईचा सोऱ्या फिरवणे यांत हातांची कला आहे, मोजमाप आहे, गप्पा आहेत आणि आईचे काम एका हाताने कमी होते. मसाल्याच्या मिरच्यांपासून तेवढे लहानांना दूर ठेवावे. तिखटाचे हात डोळ्याला लागून येणारी मुले दर वर्षी असतात.

एकत्र असणे आणि एकत्र काही करणे यांतला फरक २०२० च्या उन्हाळ्याने दाखवला. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि सगळे घरी होते, दिवसरात्र. एका खोलीत सहा माणसे, एक मोबाइल, एक पंखा. काही घरांत कॅरम बाहेर निघाला, आजोबांनी नातवाला पत्ते पिसायला शिकवले. काही घरांत मात्र भांडणे आणि मारझोड वाढली. चोवीस तास सोबत ही काही आरोग्यदायी गोष्ट नव्हे. विशेषतः तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना थोडे एकटेपण लागते. गॅलरीच्या टोकाला कानात गाणी घालून तासभर बसलेल्या मुलीला ‘इथे ये, सगळ्यांमध्ये बस’ म्हणून ओढून आणू नये. दिवसातून एक तास सगळ्यांनी मिळून, मोठ्यांचे फोनही बाजूला ठेवून, एवढे पुरे आहे. वडिलांची पाळी रात्रीची असेल तर तो तास सकाळचा असेल, एवढेच.

मात्र प्रत्येक गप्प मूल कंटाळलेलेच असते असे नाही. आवडीचे खेळही नकोसे होणे, दोन आठवडे जेवण-झोप बिघडलेली राहणे, कारण नसताना रडणे, ‘मी नसतो तर बरे’ अशी भाषा ऐकू येणे, ही छंद लावण्याची नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याची वेळ असते. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते.

झोपेचे गणित बसवायला निदान आठवडा लागतो. उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी मागे आणावी, झोपण्याची वेळ मग आपोआप सरकते. सकाळी बागेत जायचे ठरले तर हे काम जरा लवकर होते. बुधवारी राणीची बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात; तो दिवस पापडांसाठी ठेवता येईल.